मापांचीं नातीं



यांत्रिक रेखन हा विषय घरच्या मंडळींनीं आवडीनें ऐकावा असा नाहीं, हें मला पुरतें ठाऊक आहे. तीस वर्षें मीं तो शिकविला, आणि त्या तीस वर्षांत माझ्या स्वतःच्या घरीं तो कोणीं ऐकून घेतल्याचें मला स्मरत नाहीं. तरीहि आज त्याच विषयावर बोलण्याचें धाडस करीत आहें. गेल्या उन्हाळ्यांत नंदुरबार तालुक्यांतील कोरीट या गांवीं, बहिणीच्या ओसरीवर, या विषयाचा एक धडा मला नव्यानें घ्यावा लागला. तो देणारांत एक माझा भाचा होता, एक पाभरी करणारे सुतार होते, आणि तिसरी माझी बहीण होती.

नंदुरबार म्हटलें कीं पुष्कळांना पथारीवर वाळत घातलेल्या तांबड्याभडक मिरच्या आठवतात. सुरत-भुसावळ लोहमार्गानें जाणारांना त्यांचा ठसकाहि आठवत असेल. बहिणीच्या घरीं शेती आहे, बैलांची एक जोडी अजून आहे, आणि भाचा तंत्रनिकेतनांत शिकतो. कोणाकडून तरी विकत घेतलेला एक जुना संगणक त्यानें ओसरीच्या कोपऱ्यांत मांडला आहे, आणि त्यावर तो 'फ्रीकॅड' नांवाची आज्ञावली वापरतो. ती फुकट मिळते. २००२ सालापासून निरनिराळ्या देशांतील जाणत्या व हौशी मंडळींनीं ती वाढवीत आणली, आणि तिची १.० ही आवृत्ति २०२४ च्या नोव्हेंबरांत निघाली. ज्या कामाच्या आज्ञावल्यांसाठीं कारखाने दरसाल मोठ्या रकमा मोजतात, तें काम कोरीटच्या ओसरीवर विनामूल्य शिकतां येतें, ही गोष्ट मला प्रथम खरीच वाटली नाहीं.

आमच्या वेळच्या रेखनांत कागदावरील रेघ ही नुसती रेघ असे. फळीवर कागद ताणून बसवावयाचा, टी-स्क्वेअर सरकवावयाचा, गुण्या टेकवावयाचा आणि रेघ ओढावयाची. माप बदललें तर रबर घ्यावयाचें. फारच बदललें तर नवा कागद घ्यावयाचा. पुढें संगणकावर रेघा काढूं लागले, तेव्हां प्रथम एवढेंच झालें कीं खोडण्याचे श्रम वांचले. मी त्याला 'महागडें रबर' म्हणत असें, आणि विद्यार्थी हंसत. हंसण्यासारखें त्यांत फारसें नव्हतें. मला पुढचें दिसत नव्हतें, इतकेंच.

वास्तविक पुढचें बीं केव्हांच पेरलें गेलें होतें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें आयव्हन सदरलँड या तरुणानें १९६३ सालीं आपल्या प्रबंधासाठीं 'स्केचपॅड' नांवाची आज्ञावली रचली. प्रकाशाच्या लेखणीनें पडद्यावर वेड्यावांकड्या रेघा ओढावयाच्या आणि मग यंत्राला सांगावयाचें, 'या दोन समांतर असूं देत, या दोन सारख्या लांबीच्या असूं देत.' यंत्र त्या रेघा हलवून सांगितलेलें नातें पुरें करी. सोव्हिएत रशियांतून अमेरिकेस गेलेले गणितज्ञ सॅम्युएल गाइसबर्ग यांनीं १९८५ सालीं पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशन ही कंपनी काढली, आणि १९८८ मध्यें तिची 'प्रो-इंजिनियर' ही आज्ञावली गिऱ्हाइकांच्या हातीं पडली. तिचें पहिलें गिऱ्हाईक होती जॉन डियर, म्हणजे नांगर आणि ट्रॅक्टर करणारी कंपनी! मला याची मौज वाटते. आपल्याकडेहि लक्ष्मणराव किर्लोस्कर आधीं मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यांत्रिक रेखन शिकवीत होते, आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. त्यांची किर्लोस्करवाडी १९१० मधली. रेखनाची फळी आणि शेतकऱ्याचें औत यांची सोयरीक अशी जुनी आहे.

आतां हें नव्या तऱ्हेचें आरेखन म्हणजे काय तें एका साध्या चौकोनावरून सांगतों. पडद्यावर चार सुट्या रेघा ओढा. प्रत्येकीचीं दोन टोंकें, आणि प्रत्येक टोंकाची जागा सांगावयास दोन आंकडे. मिळून सोळा आंकडे मोकळे झाले. टोंकास टोंक जोडलें कीं चार कोपऱ्यांत त्यांतले आठ बांधले जातात. दोन रेघा आडव्या व दोन उभ्या असें सांगितलें कीं आणखी चार गेले. उरले चार: रुंदी, उंची, आणि चौकोन कोठें बसवावयाचा त्याचे दोन. ते दिले कीं फ्रीकॅडमध्यें सारी आकृति हिरवी होते; तींत डळमळीत असें कांहीं उरत नाहीं. पण रुंदीचा आंकडा न देतां 'रुंदी ही उंचीच्या दुप्पट' असें नुसतें नातें सांगितलें, तरीहि ती हिरवी होते. मग उंची बदला, रुंदी आपली आपण बदलते. ज्या आंकड्यांवर बाकीचें सारें उभें राहतें त्यांना परिभाषेंत 'प्राचल' म्हणतात. कारखान्यांतली मंडळी सरळ 'पॅरामीटर' म्हणतात, आणि त्यांचें मराठीहि कांहीं बिघडत नाहीं.

अशा आकृतीला जाडी दिली कीं तुकडा झाला. तुकड्याला भोंक, भोंकाला आटे, असें काम पुढें चालतें. या पायऱ्यांची यादी पडद्याच्या कडेला राहते, आणि वरची एक पायरी बदलली कीं खालच्या सर्व पायऱ्या यंत्र पुन्हां करतें. शिकणारानें कडा गोल करण्याचें काम शेवटास ठेवावें. गोल केलेल्या कडेच्या आधारावर पुढचें काम रचलें, तर ती कड नाहींशी होतांच वरची सगळी रचना कोसळते.

भाच्याला पाभर करावयाची होती. शहरांतल्या श्रोत्यांसाठीं सांगतों: पाभर म्हणजे पेरणीचें औत. एक आडवें दिंड, त्याच्या खालीं जमीन उकरणारे फण, आणि प्रत्येक फणामागें एक नळी. सर्व नळ्या वर जाऊन एका चाड्यांत मिळतात. पुढें दांडी, जूं आणि बैल. मागून चालणारी बाई मुठीनें चाड्यांत बीं सोडीत जाते, आणि तें नळ्यांतून फणांच्या तासांत पडतें. दोन फणांची ती दुफण, तीन फणांची ती तिफण. ज्वारीच्या दोन ओळींत साधारण ४५ सेंटीमीटर अंतर ठेवतात, मुगाच्या ओळींत ३०. भाच्याचा बेत असा कीं पाभर लोखंडी करावी, आणि ओळींचें अंतर हा एकच आंकडा बदलला कीं तिचें सगळें आरेखन आपोआप बदलावें.

बेत उत्तम होता. त्यानें ज्वारीची तिफण प्रथम काढली: दिंड ११० सेंटीमीटरांचें, आणि फण त्याच्या डाव्या टोंकापासून १०, ५५ आणि १०० वर. चाड्याचा खांब मधल्या फणावर, म्हणजे ५५ वर. चाडें दिंडाच्या वर ६० सेंटीमीटर, फण बाजूला ४५. म्हणून बाजूच्या नळ्या बरोबर ७५ सेंटीमीटरांच्या. तीन-चार-पांचचा त्रिकोण! माझ्यांतला मास्तर खूष झाला. मग त्यानें मुगासाठीं दिंड ८० केलें, फण १०, ४० आणि ७० वर आणले, आणि त्या आनंदांत फाईल वर्कशॉपांत नेऊन दिली. दिंड कापून, भोंकें पाडून घरीं आलें तेव्हां चाड्याच्या खांबाचें भोंक ५५ वरच होतें. चाडें मध्यावरून वीतभर बाजूला! कापणारानें दिलेल्या आकृतीप्रमाणें कापलें, त्याचा कांहींच दोष नव्हता. भाच्यानें आंकडे पाठ केल्यासारखे लिहिले होते. ५५ हा आंकडा कोठून आला हें त्यानें यंत्राला सांगितलेंच नव्हतें. सुटे भाग पडद्यावर एकत्र आणून जुळणी पाहण्याचाहि त्यानें आळस केला. बहिणीचे दुधाचे पैसे त्या दिंडांत गेले. ती कांहीं बोलली नाहीं, फक्त पेरणीला किती दिवस राहिले तें एकदां मोजून दाखविलें.

संध्याकाळीं सुतार आले. गांवांत सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनीं दिंड हातांत घेऊन पाहिलें, मग पडद्याकडे पाहिलें, आणि म्हणाले, "टोकापासून कशाला मोजतोस, पोरा? टोक तर मी उद्या करवतीनं कापीन. मधून धर, अन् दोहींकडं मोज."

त्या एका वाक्यांत माझीं तीस वर्षें मावलीं असतीं. मीं विद्यार्थ्यांना माप कसें लिहावें तें शिकविलें. बाणांचीं टोंकें कशीं काढावीं यासाठीं गुणहि कापले. पण तें माप कोठून सुरूं व्हावें, आणि कां, याविषयीं मीं फार थोडें बोललों. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकावर मात्र माप ज्या ठिकाणाहून धरलें असेल तेंच ठिकाण पुढें स्थिर राहतें, बाकीचें हलतें.

त्या रात्रीं भाच्यानें सगळें पुसून नव्यानें मांडलें. मधला फण स्थिर, दोन बाजूंचे 'अंतर' एवढे दूर. दिंड म्हणजे अंतराची दुप्पट अधिक २०. चाड्याची उंची अंतराच्या चार-तृतीयांश, म्हणजे नळीचा उतार नेहमीं सारखाच राहील आणि बीं अडणार नाहीं. जुळणींत दिंड हा पहिला तुकडा जमिनीशीं जखडला, आणि बाकीचे त्याला सांध्यांनीं जोडले. ३० घातलें, सगळें आंत आलें. ४५ घातलें, बाहेर गेलें. हौसेनें त्यानें ६० घातलें. दिंड १४० झालें, चाडें ८० वर चढलें, नळ्या १०० झाल्या. एकहि रेघ मोडली नाहीं. मीं त्याची पाठ थोपटली.

बहीण भाकरी टाकून हात पुसत आली आणि पडद्यापुढें उभी राहिली. "दादा, इतक्या उंच चाड्यात बी कोण सोडणार? तू?"

आम्ही दोघेहि गप्प. तिनें भिंतीशीं उभें केलेलें तें वाया गेलेलें दिंड फणाच्या उंचीवर धरावयास लावलें, आणि चालतांना जशी धरते तशी मूठ धरून दाखविली. भाच्यानें टेपनें मोजलें. चाडें दिंडाच्या वर साठापर्यंत असेल तर तिला चालतें. त्याच्या वर हात अवघडतो, आणि दिवसभर अवघडलेल्या हातानें बीं सारखें पडत नाहीं. आतांपर्यंत ओळींचें अंतर हें धनी होतें आणि चाड्याची उंची ही त्याची चाकर होती. आतां उंची धनी झाली. ती ६० वर बांधली कीं नळीचा उतार राखून फण मध्यापासून ४५ च्या पलीकडे जाऊं शकत नाहीं, हें गणित भाच्यानें तेथल्या तेथें केलें. मग ६० च्या ओळीला काय करावयाचें? आबांना विचारलें तर ते म्हणाले, "रुंद ओळीला दुफण. हे काय विचारायचं?" दोन फण ६० च्या अंतरावर, म्हणजे मध्यापासून तीस-तीस. नळ्या चांगल्या उभ्या राहतात. आबांनीं हा हिशेब कधीं मांडला नसेल, पण त्यांचें औत त्यांत चपखल बसत होतें.

येथें दुसरी फजिती झाली. भाच्यानें फणांची संख्या हाहि एक प्राचल केला, आणि तीनाच्या जागीं दोन लिहितांच पडद्यावर तांबड्या खुणांचा सडा पडला. कारण उघड होतें. सारीं मापें मधल्या फणाला बांधलीं होतीं, आणि दुफणीला मधला फण नसतोच. आबा मोठ्यानें हंसले. "मी फण कुठं म्हटलं होतं? मध म्हटलं होतं." ते दिंड करतांना दांडी जेथें बसावयाची तेथें गेरूची एक रेघ मारतात, फण किती, हें मागाहून. फ्रीकॅडमध्यें अशी रेघ मारण्याचीहि गरज नाहीं; प्रत्येक तुकड्याला आरंभापासूनच एकमेकींशीं काटकोनांत असलेल्या तीन पातळ्या दिलेल्या असतात, त्या कोणत्याहि बदलानें हलत नाहींत. भाच्यानें त्यांतली उभी पातळी दांडीची मानली, आणि दिंड, फण, खांब या सर्वांचीं मापें तिच्यापासून घेतलीं. या कामास त्याला दोन दिवस लागले, कारण पुष्कळसें मोडून पुन्हां करावें लागलें. मी शेजारीं बसून होतों. मदत अशी मला फारशी करतां आली नाहीं. चहा आला कीं त्याच्या हातीं देत असें.

निघतांना मीं त्याची मापांची तक्ती पाहिली. पहिल्या ओळींत अंतर, दुसऱ्या ओळींत फणांची संख्या, आणि तिसऱ्या ओळींत 'आईचा हात, ६०'. या तिसऱ्याला कोणतेंहि सूत्र जोडलेलें नव्हतें.

मृगाच्या आधीं तिफण तयार झाली, आणि वाया गेलेल्या दिंडाचे तुकडे तिच्या पट्ट्यांना उपयोगी पडले, असें बहिणीनें फोनवर सांगितलें. दुफण पडद्यावर नीट होते. चार फण लिहिले म्हणजे मात्र आंतल्या दोन नळ्या चाड्याच्या खांबाला घासतात, असें भाच्यानें परवां कळविलें आहे. खांब मध्यावर एक न ठेवतां बाजूंना दोन घ्यावे कीं काय, हें तो आबांना विचारणार आहे.