उपाशी राहूनही पोट का सुटते?

(पिंप्राळा, जळगाव येथे युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रमजानमध्ये महिनाभर रोजे ठेवूनही ईदचा कुर्ता पोटावर घट्ट बसतो, अशी तक्रार आपल्याकडे दरवर्षी असते. दिवसभर पाणीसुद्धा घेतले नाही, मग वजन वाढले कसे?

शरीर तास मोजत नाही, ऊर्जा मोजते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून साधारण ४ कॅलरी मिळतात, तेल-तुपातून ९. श्वास, हृदय, मेंदू, शरीराची ऊब यांवरच बहुतेकांची ६० ते ७० टक्के ऊर्जा खर्च होते, तीही झोपेत आणि बसल्या जागी. चालण्या-फिरण्याचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा लहान असतो. यातून जे उरते, ते चरबी होऊन साठते.

आता इफ्तारचे ताट बघा. भजी, समोसे, साखरेचे सरबत, मग जेवण, तरावीहनंतर पुन्हा काहीतरी. एरवीही आपली शेवभाजी तर्रीशिवाय आणि वांग्याचे भरीत तेलाच्या फोडणीशिवाय होत नाही. दोन मोठे चमचे तेल म्हणजे सुमारे २४० कॅलरी. साठ किलोच्या माणसाला तेवढ्या खर्चायच्या तर तासभर झपझप चालावे लागते. म्हणून "खाऊ दे, नंतर जिरवू" हा हिशेब सहसा जमत नाही. मी भरीत सोडा म्हणत नाही, खान्देशात असे बोलून मला घरी परत जाता येणार नाही. तेलाची बरणी महिन्याला किती वेळा भरते आणि घरात खाणारी माणसे किती, एवढे विचारा.

मात्र शरीर म्हणजे वाण्याची वही नाही. एकदम खाणे तोडले की भूक वाढते आणि शरीर खर्चही आखडता घेते. त्यामुळे आठवड्यात पाच किलो उतरवण्याच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका.

आता वजनकाट्यावर न दिसणारी गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच, बीएमआय २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ! म्हणजे "मी तर बारीक आहे, मला कसला डायबिटीस?" हे आपल्याकडे चालत नाही.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. त्या आयांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी भरली, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र फारशी कमी नाही. पुढे अन्न वाढले आणि कष्ट घटले की अशा शरीरात मधुमेह लवकर शिरतो. ज्या आयांच्या खाण्यात दूध, फळे आणि पालेभाज्या जास्त वेळा होत्या, त्यांची बाळे अधिक वजनाची होती.

म्हणून मला ताटापेक्षा ताटाच्या क्रमाबद्दल बोलायचे आहे. आपल्या घरांत आधी पुरुष जेवतात, मग मुले, शेवटी अम्मी आणि भाभी. रश्श्यातले बोटीचे तुकडे तोपर्यंत संपलेले असतात, उरतो रस्सा आणि पोळी. केळीच्या जिल्ह्यात राहून गरोदर सुनेला रोज एक केळे मिळत नसेल, तर तो गरिबीचाच प्रश्न आहे का? काही घरांत असेल. सगळ्याच घरांत नाही.

दुसरी गोष्ट चालण्याची. मुलगा संध्याकाळी मैदानावर जातो. त्याच्या बहिणीला "कुठे निघालीस?" हा प्रश्न दारातच भेटतो, आणि नंतर स्थळ बघायला आलेली मंडळी तिलाच जाड म्हणतात. भावांनो, आठवड्यातले चार दिवस बहिणीसोबत अर्धा तास चाला. ती एकटी जात असेल तर अडवू नका.

मी मोजपट्टी आणली आहे. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. मुलींचे माप मुलीच घेतील, पडद्यामागे, आकडा मोठ्याने कोणी वाचणार नाही. ज्यांचा आकडा पुढे गेला असेल, ते सरकारी दवाखान्यात रक्तातली साखर तपासून घ्या. आता प्रश्न विचारा.