मोत्या आणि मेंढरं



आमचं शेत सासवडच्या बाजूला. दिवाळी झाली की फलटणकडचे धनगर कोकणाच्या वाटेला लागतात आणि वाटेत मोकळ्या रानात मेंढरं बसवतात. रानाला लेंडीखत मिळतं, त्यांना धान्य किंवा पैसे. एका वर्षी आमचा मोत्या, जेमतेम आठ महिन्यांचा, दावं तोडून कळपात घुसला. चावला कुणाला नाही, नुसती पळापळ केली. मी बांधावर हसत उभा होतो.

सकाळी मेंढक्यांनी हाक मारली. रात्रीतून एक गाभण मेंढी गाभडली होती. "मालक, तुमच्या कुत्र्याचा खेळ झाला, माझं कोकरू गेलं," एवढंच ते म्हणाले. मी पैसे दिले, पण मान वर होईना.

समोरचं पळालं की मागं धावायचं, हे कुत्र्याला शिकवावं लागत नाही. धावण्यातच त्याला बक्षीस मिळतं, म्हणून दर पाठलागानं खोड पक्की होते. परत आल्यावर बडवलं तर तो एवढंच शिकतो, की मालकाकडे परत जाऊ नये.

मग मी पंधरा हातांचा कासरा घेतला. मेंढरं दिसतील, पण माझी हाकही मोत्याच्या कानात शिरेल, इतक्या लांब उभा राहिलो. त्यानं कळपाकडे पाहिलं, की हळूच नाव घ्यायचं. मान माझ्याकडे वळली, की लगेच सुकटाचा तुकडा. दुसऱ्या दिवशी चार पावलं पुढे. तो ओढू लागला तर चूक माझी. पुन्हा मागं यायचं. आधी बसलेली मेंढरं, मग चरणारी, शेवटी चालणारी. असे कित्येक आठवडे गेले. रात्री त्याला कोंडूनच ठेवलं, कारण दोन कुत्री एकत्र सुटली की दोघांनाही चेव येतो.

धनगरांची कुत्री मेंढरांतच वाढतात, म्हणून त्यांना मेंढरू घरचंच वाटतं. पिल्लू तीन महिन्यांचं व्हायच्या आत त्याला गाई-शेळ्यांची शांतपणे ओळख करून दिली, तर पुढचं काम सोपं होतं. मी उशीर केला होता.

पुढच्या दिवाळीनंतर तोच वाडा आला. मोत्यानं कान टवकारले, कळपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसला. मेंढके हसून म्हणाले, "आता शहाणा झाला."

झाला खरा. पण कळप जवळ असला की कासरा मी अजून हातातून सोडत नाही.