नाकारलेल्यांची यादी

मंडळी, आणि खास करून मागच्या रांगांत बसलेल्या अंगणवाडीताई, आशाताई,

अध्यक्षाने तंत्रज्ञानाचं कौतुक तरी करावं नाहीतर त्याला शिव्या तरी द्याव्यात, अशी रीत आहे. मला दोन्ही जमणार नाही. पैसे थेट खात्यात येऊ लागले, मधल्यांची टक्केवारी कमी झाली, हे खरंच. मधला माणूस मात्र गेला नाही. तो सेवा केंद्रात बसलाय, शेजारच्या बारावी झालेल्या पोराच्या मोबाईलमध्ये बसलाय, आणि बिनपगारी जादा काम म्हणून ताईंच्या गळ्यात पडलाय. २०२१ मध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन बिघडलेले, त्यात माहिती भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. याला तंत्रज्ञानाचा विरोध म्हणणाऱ्यांनी एकदा शहापूर तालुक्यातल्या उंबरमाळीच्या आतल्या पाड्यावर रेंज शोधत माहिती भरून दाखवावी.

दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडकडची कितीतरी कातकरी कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मातीत राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानात बाई अंगठा ठेवते, लागत नाही. पदराला पुसते, ओला करते, पुन्हा ठेवते. मग ओटीपी. तो नवऱ्याच्या फोनवर, नवरा भट्टीवर, फोनला रिचार्ज नाही. यंत्राच्या पडद्यावर ठसा जुळत नसल्याचं येतं. दुकानदार म्हणतो, "सर्व्हर डाऊन, उद्या ये." ती उद्या येते, परवाही येते. आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने द्यायला हवेत, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. भट्टीजवळच्या दुकानातही तेच कार्ड चालतं, 'एक देश एक रेशन कार्ड' त्यासाठीच आहे, हेही नाही.

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. आदिवासींची माहिती गोळा करण्यात आपलं राज्य कधीच मागे नव्हतं. माहिती वर जाते; उत्तर खाली येत नाही. लाडक्या बहिणीचे दीड हजार २०२४ मध्ये सुरू झाले, २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला. ज्यांना दोघेही नाहीत त्यांनी काय करायचं, हा प्रश्न पाड्यावरच्या कुठल्याही बाईने फॉर्म निघण्याआधीच विचारला असता. तिला विचारलं कुणी?

२०१५ च्या सेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा नाकारली तर कारण लेखी द्यावं लागतं, अपील करता येतं. योजनेचा हप्ता थांबतो तेव्हा मात्र बहुतेकदा साधा मेसेजही येत नाही.

आपल्याकडे चावडी वाचनाची जुनी पद्धत आहे. सातबारा वाचला जातो, रेशनच्या याद्या वाचल्या जातात. मग नाकारलेल्यांची आणि थांबवलेल्यांची यादी का नाही? नाव, योजना, मराठीत एका ओळीचं कारण आणि कुठे जायचं ते, एवढंच. खाते क्रमांक नको, आजारपण नको. ज्या बाईला चारचौघांत नाव नको असेल तिला घरी जाऊन सांगा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्याच्या २०१४ च्या नियमांनी पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते, वाचन तिथेच व्हावं.

असा ठराव आज करावा, ही विनंती. वाचनाची तारीख दिवाळीआधीची घाला, नंतर निम्मी वाडी भट्टीवर गेलेली असेल. सूचक म्हणून शहापूरच्या एखाद्या सेविकेने नाव द्यावं, अनुमोदन मुरबाडकडून यावं.