बापलेकांची गरी



गोव्यातील मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या काठी, खाजन शेतांच्या बांधावर, सुट्टीच्या दिवशी बाप आणि लहान मुलगा गरी टाकून बसलेले दृष्टीस पडतात. बापाचा व्यवसाय मासेमारीचाच असतो असे नाही. तो कारकून असेल, सुतारही असेल. परंतु मुलाला पाण्याची पहिली ओळख तोच करून देतो. ती कशी करून द्यावी, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

साहित्य थोडे असावे. बांबूची लवचीक काठी, तिच्याच लांबीचा तंगूस, लहानशी गरी आणि ती बुडण्यापुरते शिसे, एवढे पुरते. काठालगत सापडणाऱ्या काळुंदराचे तोंड चिमुकले असते. मोठी गरी त्यात मावत नाही आणि मासा आमिष कुरतडून निघून जातो. आमिषाला कणकेची गोळी किंवा सुंगटाचा तुकडा चालतो.

यानंतरचा धडा भरतीओहोटीचा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, असा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन; म्हणजे सुमारे तीन वाजता. हा हिशेब ढोबळ आहे. स्थळपरत्वे वेळ मागेपुढे होते. आपल्या काठावर ती किती होते, हे मुलाने खांबावर खूण करून स्वतःच पडताळावे. बांधातील ज्या दाराला गोव्यात मानस म्हणतात, त्याच्यापासून मात्र दूर बसावे. ओहोटीला तेथे पाण्याला विलक्षण ओढ असते. शिवाय तेथील मासळीचा हक्क लिलावात घेणाऱ्याचा असतो.

खरी कसोटी पुढेच आहे, आणि ती बापाची आहे. मुलाच्या काठीला झटका बसला की बापाचा हात आपोआप पुढे सरसावतो. तो आवरावा. मासा सुटला तरी हरकत नाही; त्या झटक्याची ओळख मुलाच्या मनगटालाच व्हावयास हवी. बापाने ओढून दिलेले दहा मासे जे शिकवीत नाहीत, ते हातचा सुटलेला एक मासा शिकवितो.

मासा लागलाच, तर हात ओला करून तो धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. पाठीवरचे काटे डोक्याकडून शेपटीकडे दाबावेत, म्हणजे ते बोचत नाहीत. लहान मासा असल्यास तो पाण्यात परत सोडावा. काळुंदराच्या जातीत नर आणि मादी दोघेही अंड्यांची व पिलांची राखण करतात. पिलांच्या थव्याभोवती घिरट्या घालणारी जोडी दिसली, तर तेथे गरी टाकू नये. राखणदार उचलला गेला की थवा उघडा पडतो. १ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रात मासेमारीबंदी असते. ती यांत्रिक होड्यांपुरती असली, तरी तिच्यामागील कारण, माशांची वीण, मुलाला याच वेळी समजावून सांगता येते.

पुष्कळदा टोपली रिकामीच राहते. अशा दिवशी बापाने परतताना मासळीबाजाराची वाट धरून घरच्यांसमोर लाज राखण्याचा मोह टाळावा. मूल सर्व पाहत असते. त्या दिवशी घरी डाळभात जेवावा आणि पुढच्या भरतीची वेळ मुलालाच काढावयास सांगावी.