हरितगृहाचे आच्छादन



दहिसरात बसून थंड मुलखातल्या हरितगृहाची चर्चा करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे, असे कोणी म्हणेल. सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारीत पारा ७.४ अंशांवर उतरला, त्याचेच आपल्याला अजून कौतुक! पण आपल्यापैकी कित्येकांची मुले कॅनडात आहेत, आणि परसात मेथी-कोथिंबीर करायची तर छपराला काय घालावे, असे ती विचारतात.

काच उजेड उत्तम देते. परंतु एकेरी काचेतून ऊब झरझर निघून जाते, आणि गारा पडल्या की तुकडे वेचत बसावे लागते. तळेगाव दाभाड्याच्या फुलशेतीत दिसतो तसला २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद स्वस्त खरा, पण तीन-चार वर्षांत तो विरतो. आमचे मत दुपदरी पॉलिकार्बोनेटला. दोन पदरांत कोंडलेली हवा गोधडीचे काम करते; १० मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून उष्णता एकेरी काचेच्या जवळजवळ निम्मीच निसटते. उजेड थोडा कमी मिळतो, तो सोसावा. मात्र पत्र्यातल्या नळ्या उताराच्या दिशेने ठेवाव्यात, म्हणजे आत धरलेले पाणी ओघळून जाते. आणि अतिनील किरण अडवणारी बाजू बाहेर यावी. आमच्या भाच्याने ती आत केली, आणि पत्रा लवकरच पिवळा पडला.

येथे गच्चीवर मात्र हा पत्रा नको. आम्ही हौसेने घातला होता. चैत्रातल्या एका दुपारी मिरचीची रोपे अक्षरशः उकडून निघाली. आता तेथे हिरवी जाळी आहे, पावसाळ्यापुरता वर कागद, आणि चारी बाजू मोकळ्या.