पंप चालू करणाऱ्याचं नाव काय?

(केळझर, जि. वर्धा इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत माल उतरवतो. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो. आज मात्र मंगळावर बोलणार आहे. हसू नका. मंगळ आपल्या वस्तीपासून वाटतो तेवढा लांब नाही.

एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाची 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' ही कादंबरी. १९१२ साली मासिकातून क्रमशः आली, १९१७ साली पुस्तक झालं. मंगळ मरायला टेकलाय. समुद्र आटलेत, पाणी कालव्यांतून आणावं लागतं. चार हातांचे हिरवे आणि माणसासारखे तांबडे एकमेकांच्या जिवावर उठलेत. तांबड्यांची शहरंही आपसात लढतायत. तिथं पृथ्वीवरून जॉन कार्टर पोचतो. मंगळावर वजन कमी भरतं, म्हणून हा गडी लांबच लांब उड्या मारतो, तलवार चालवतो, सरदार होतो, राजकन्येशी लग्न लावतो. वाचताना मजा येते, खोटं कशाला बोलू.

पण हा कार्टर कोण? अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेच्या फौजेतला कॅप्टन. म्हणजे काळ्यांची गुलामी टिकावी म्हणून लढलेल्या आणि हरलेल्या बाजूचा. आणि हाच मंगळावर जाऊन हिरव्यांना माणुसकी शिकवतो!

आता मुद्द्याची गोष्ट. मंगळावर हवा कारखान्यात तयार होते. ती कशी करायची हे तांबड्यांच्या पोरांना लहानपणीच शिकवतात. पण कारखान्याचं दार कसं उघडायचं, हे गुपित एकावेळी फक्त दोघांना ठाऊक. ओळखलंत? श्वास सगळ्यांचा, किल्ली दोघांची. महाडचं चवदार तळं असंच होतं. १९२४ साली नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला, तरी १९२७ साली बाबासाहेबांना माणसं घेऊन त्या पाण्यापर्यंत चालत जावं लागलं. कागद होता, किल्ली नव्हती.

कादंबरीच्या शेवटी ते दोघंही मरतात. पंप बंद पडतात, अख्खा ग्रह गुदमरायला लागतो. कार्टरला ते गुपित कळलेलं असतं. तो मनाच्या जोरावर दारं उघडतो आणि कोसळतो. मग पंपाकडं कोण जातं? तिथंच धापा टाकत पडलेला एक माणूस. सरपटत, उरलासुरला श्वास छातीत धरून. बरोजनं या माणसाला नाव दिलेलं नाही. दार उघडणारा नायक. पंपाकडं सरपटणारा कुणीतरी एक.

तुम्हा केळझरकरांना ही गोष्ट नवी नाही. तुमचं गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं इथं सांगतात. बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि पाळीनं एक माणूस. मग बाहेरून भीम आला, पांडवांचा, आपला नव्हे. त्यानं राक्षस मारला, नाव झालं. पण त्याच्या आधी पाळीनं जे गेले, त्यांची नावं कुणाला पाठ आहेत? तो भात कुणी पिकवला, गाडा कुणी भरला?

दुसऱ्या तऱ्हेनंही लिहिता येतं. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या विचारवंतानं १९२० साली 'द कॉमेट' ही कथा लिहिली. धूमकेतूच्या विषारी वायूनं न्यूयॉर्क मरतं. बँकेच्या तळघरात उतरलेला काळा निरोप्या वाचतो आणि एक श्रीमंत गोरी बाई. काही तास वाटतं, रंग मेला. मग बाईचा बाप माणसं घेऊन येतो आणि रंग पुन्हा जिवंत होतो. निरोप्याच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून हे दिसलं. याच ड्यू बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं.

म्हणून सांगतो, विज्ञानकथा पोरखेळ म्हणून सोडून देऊ नका. उद्याच्या ग्रहांचे नकाशे आज काढले जातायत. आपण गप्प राहिलो तर त्यांत आपण चार हातांचे रानटी म्हणून दिसू, नाहीतर बिननावाचे.

तुम्ही लिहा. राजकन्या नसली तरी चालेल. हवेच्या कारखान्यातल्या रात्रपाळीपासून सुरू करा. दाराचं गुपित दोघांकडंच का, हे पहिल्याच पानावर विचारा. आणि पंप चालू करणाऱ्याला नाव द्या. आपल्या आज्याचं द्या, आपल्या आजीचं द्या.

जयभीम.