एक खडक, दोन आकाशें



यवतमाळच्या टेकड्यांत काय आणि महाबळेश्वरच्या पठारावर काय, पायांखालचा खडक मूळचा एकच आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून वाहून आलेल्या शिलारसाचा हा काळा पाषाण. शास्त्रज्ञ त्याला बॅसॉल्ट म्हणतात. असें असतां तिकडे तांबडा जांभा आणि इकडे कपाशीची काळी जमीन, हा भेद कां पडावा? खडक एक असला तरी आकाश निराळें आहे, हें त्याचें उत्तर.

पावसाचें पाणी हवेंतून आणि जमिनींतून कार्बन डायऑक्साइड वायु घेऊन किंचित् आम्ल बनतें व खडकांतील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम हीं द्रव्यें विरघळवितें. ऊब व ओल जितकी अधिक, तितकें हें कार्य जलद. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा हवामानांत युगानुयुगें हीं द्रव्यें, आणि बरीचशी सिलिकाही, धुवून गेली. मागें लोह व अ‍ॅल्युमिनियम यांनीं भरलेला जांभा उरला.

यवतमाळास पाऊस हजार मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही बहुतेक चार महिन्यांतच. त्यामुळें येथें सर्वच द्रव्यें धुवून जात नाहींत. सिलिका व मॅग्नेशियम यांचा कांहीं अंश राहून ओलाव्यानें फुगणारी आणि वैशाखांत भेगाळणारी चिकणमाती बनते. उरलेलीं द्रव्यें अडाण, अरुणावती व पूस या नद्यांवाटे पैनगंगेंत, तेथून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या मार्गानें बंगालच्या उपसागरास मिळतात.

परंतु सर्व पाणी नदीला मिळत नाहीं. कांहीं मुरमांतून खोल झिरपतें. उन्हाळ्यांत जमिनींतील ओल आटतांना कॅल्शियम चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांच्या रूपानें मागें राहतें. पाण्यांतील फ्लोराइडला बांधून ठेवणारें द्रव्य हेंच. तें घटून सोडियम वाढलें, कीं खडकांतून सुटलेलें फ्लोराइड पाण्यांतच राहतें. पांढरकवडा परिसरांतील कांहीं विहिरींत त्याचें प्रमाण मर्यादेबाहेर आढळलें आहे. ही मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम असून, दुसरें पाणी मिळतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. त्याहून अधिक असलेलें पाणी सतत पिण्यांत आल्यास लहान मुलांच्या येणाऱ्या दांतांवर डाग पडतात. प्रमाण फार असेल तर पुढें वर्षानुवर्षांनीं सांधे आंखडतात व हाडें बिघडतात.

आणि हें पाणी दिसावयास निर्मळ असतें! रंग नाहीं, वास नाहीं. उकळल्यानें दोष जात नाहीं. पाणी आटून उलट तो वाढतो. खोल विंधणविहिरींतील पाणी खडकाच्या सहवासांत दीर्घकाळ असतें, म्हणून तेथें विशेष सावध असावें. विहिरीचें पाणी प्रयोगशाळेंत तपासून घेणें हाच खात्रीचा मार्ग. दोष आढळल्यास पावसाचें पाणी सांठवून पिण्यास वापरतां येतें. शिवाय तुरटी व चुना यांच्या साहाय्यानें फ्लोराइड कमी करण्याची रीत नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधनसंस्थेनें सिद्ध केलेली आहे. नवी विहीर खणतांना पाणी किती लागलें हें आपण हौसेनें विचारतों. तें कसें आहे, हेंही त्याच वेळीं विचारलें पाहिजे.